संमतीचा नारळ

यवतमाळ जिल्ह्यात मी दगड आणायला गेले होते. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे. कारण या लेखात ज्यांच्यावर माझा राग आहे, त्यांचेही म्हणणे एवढेच होते की आम्ही केवळ दगड पाहायला आलो आहोत.

साताऱ्यातील एका शाळेत मी एकतीस वर्षे भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर शाळेच्या नमुन्यांच्या कपाटाची व्यवस्था लावण्याचे काम माझ्याकडे आले. खडकांच्या खणात सह्याद्रीचे दगड भरपूर होते. वऱ्हाडातला एकही नव्हता. फाल्गुनात मैत्रिणीकडे दारव्ह्याला जायचे ठरले, तेव्हा मी पिशवीत एक छोटी हातोडी, जुनी वर्तमानपत्रे आणि चिकटवायच्या चिठ्ठ्या घेतल्या. परतले तेव्हा पिशवीत एकच दगड होता. त्याच्यावरची चिठ्ठी मी अजून लिहिलेली नाही. ती लिहिण्याआधी हे सगळे क्रमाने मांडणे मला आवश्यक वाटते.

दारव्हा

कापसाचा विषय निघाला की माणसे बोलता बोलता थांबत, अशा वर्षांपैकी ते एक वर्ष होते. दारव्ह्यात शिरताना खरेदी केंद्राबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग दिसली. बैल सोडून बाजूला बांधलेले होते आणि गाड्यांखाली माणसे दुपारची झोप घेत होती. रांग कधीपासून आहे, असे मी जीपमधल्या शेजारणीला विचारले. "आज मंगळवार ना? मंगळवारपासून," ती म्हणाली. मी म्हटले, म्हणजे आजच लागली. ती हसली. "त्या मंगळवारपासून, बाई."

कुमुद ही माझी अध्यापन महाविद्यालयातली मैत्रीण. तिचे यजमान नानासाहेब तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. घर नोकरदारांचे, नीटनेटके. भिंतीवर दिनदर्शिका, टेबलावर सुतळीने बांधलेल्या फायली. आमच्याकडे पाहुण्याला आधी 'या, बसा' म्हणतात, मग चहा विचारतात. इथे मी चपला काढेपर्यंत पाण्याचा तांब्या हातात आला होता. कुमुद म्हणाली, "इकडे आधी पाणी, मग नाव." हे वाक्य मला पुढे वारंवार आठवले.

जेवायला पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा होता. तिखटाने माझे डोळे भरून आले आणि नानासाहेबांनी अत्यंत गंभीरपणे गुळाची वाटी माझ्याकडे सरकवली. मी दगडांचा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही हातोडी कशाला आणली? आर्णीच्या बाजूला धामणदरीचा तांडा आहे. तिथं एक मशीन महिनाभरापासून जमिनीतून दगडाचे दांडे काढून राहिली. पेट्याच्या पेट्या भरून ठेवल्या आहेत. एखादा मागून घ्या."

"खाण सुरू झाली का?"

"खाण नाही. पूर्वेक्षण."

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडे विवेचन करते. खनिज काढण्याआधी ते आहे का, किती खोल आहे, हे पाहावे लागते. त्यासाठी सरकार आधी पाहणीचा परवाना देते. खाणीसाठी पर्यावरणाचा अभ्यास लागतो, लोकांसमोर सुनावणी घ्यावी लागते. या परवान्याच्या वेळी तसले फारसे काही होत नाही. कारण असे दिले जाते की यात काढायचे काहीच नाही, केवळ पाहायचे आहे. नानासाहेबांनी हे सगळे मला भाताचा घास हातात धरून समजावून सांगितले आणि शेवटी म्हणाले, "केवळ भोक पाडतात. भोकानं काय होते?"

मीही त्या दिवशी मान हलवली.

धामणदरी तांडा

दुसऱ्या दिवशी सकाळी काळ्या-पिवळ्या जीपने आर्णीपर्यंत, तिथून दुसऱ्या जीपने आणि शेवटचा तुकडा पायी, असा प्रवास झाला. दोन्ही बाजूंना पळस पेटलेला होता. एका ठिकाणी मात्र पळसांची रांग मधूनच तोडून नवा रस्ता पाडला होता. ट्रकच्या चाकांनी त्याला गुडघाभर चाकोऱ्या पडल्या होत्या आणि तोडलेल्या फांद्यांवरची फुले वाळून तपकिरी झाली होती. मी ते पाहिले, आणि खरे सांगायचे तर रस्ता असल्यामुळे चालणे सोपे झाले असेच वाटले.

तांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरत. आता हे लोक स्थिर शेतकरी आहेत. तांड्याच्या प्रमुखाला नायक म्हणतात. थावरू नायक साठीच्या पुढचे, उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. त्यांची आई अजून हयात होती. तिला अख्खा तांडा 'याडी' म्हणतो. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. तिच्या हातांत कोपरापर्यंत बलोयांची, म्हणजे जाड पांढऱ्या बांगड्यांची, रांग होती आणि नजर माझ्या पिशवीवर.

नायकांच्या घरात बसायला जागा नव्हती. पुढची खोली छपरापर्यंत कापसाने भरली होती, म्हणून आम्ही अंगणात बसलो. इथेही आधी पाणी यायला हवे होते. नायकांची सून पेला घेऊन आली, पण तो अर्धाच भरलेला होता आणि तो देताना तिने मान खाली घातली. माझ्या ते लक्षात आले नसते. पण याडी एकदम काहीतरी बोलली आणि सून आत निघून गेली.

"याडी काय म्हणाल्या?" मी नायकांना विचारले.

"काही नाही जी. म्हणते, पाव्हण्याले अर्धा पेला द्याची पाळी आजवर आलती का."

मग ते मला विहिरीवर घेऊन गेले. ही विहीर तांड्यापेक्षा जुनी. एकवीस दगडी पायऱ्या, काठाला बसका कठडा. फाल्गुनात पाणी अकराव्या पायरीवर असते, असे नायक म्हणाले. ते सांगताना त्यांनी बोटे मोजली नाहीत; जिथे पाणी असायला हवे त्या पायरीवरच ते जाऊन उभे राहिले. पाणी त्यांच्या पायांखाली आठ पायऱ्यांवर, एकोणिसाव्या पायरीशी, एखाद्या परातीत मावेल इतके उरले होते.

"पाऊस कमी झाला का?" मी विचारले.

"पाऊस झालता. पोळ्याले पाणी वरच्या पायरीले होतं. ही मशीन आली अन् पाणी उतरलं." मग म्हणाले, "अन् मशीन आम्हीच बोलावली, बाई. म्हणजे बोलावली नाही. पन जागा म्याच दाखवली."

घडले होते ते असे. मशीन लादलेला ट्रक तांड्यावर आला, तेव्हा तांड्याने तो ओळखीचा समजला. या भागात असा ट्रक एकाच कामासाठी येतो: बोअर मारायला. शेजारच्या तांड्याला सरकारने दोन वर्षांपूर्वी बोअर दिली होती, म्हणून आता आपली पाळी आली असे यांनी धरले. बायकांनी मशीनला हळदकुंकू लावले, नायकांनी नारळ फोडला, मशीनवरच्या माणसांना गळवाणी, म्हणजे गुळाची पातळ लापशी, पोटभर खाऊ घातली. आणि मशीनवाल्याने "कुठं लावू?" असे विचारल्यावर थावरू नायकांनी पिढ्यांच्या अनुभवाने सर्वांत खात्रीची जागा दाखवली. पाण्याजवळ पाणी लागते. विहिरीपासून पंधरा पावलांवर, उताराच्या अंगाला.

"तुम्ही त्यांना काही विचारलं नाही?"

"काय विचारनार? पाणी द्याले आलेल्याले कोनी विचारते का, काहून आला म्हून?"

भोक मुठीएवढे होते. त्यावर एक चपटा दगड ठेवला होता, तोही तांड्यानेच, शेळीचा पाय अडकू नये म्हणून. याडीने तो सरकवला आणि मला खाली वाकायची खूण केली. "कान लाव," ती म्हणाली. "रातंदिन वाजते. पाणी पळून राह्यलं."

मी कान लावला. खोल कुठेतरी, न थांबता, नळाखाली बादली ठेवावी तसा आवाज येत होता.

दगडाचे दांडे

मशीनचा तळ माळावर पलीकडे होता. तिथे त्यांनी आणखी चार भोके पाडली होती. तिथला सुपरवायझर तिशीतला, हसरा, बोलका. मी भूगोलाची शिक्षिका आहे असे सांगताच त्याला फार आनंद झाला. त्याने पत्र्याच्या लांब पेट्या उघडल्या. आत विहिरीजवळच्या भोकातून काढलेले गोल दांडे, वरपासून खालपर्यंतच्या क्रमाने, पेन्सिलींसारखे मांडलेले होते. शिकवण्याच्या एकतीस वर्षांत जे मी फळ्यावर खडूने काढत आले, ते प्रथमच आडवे पडलेले पाहत होते. वर मुरूम. त्याखाली भेगाळलेला, सच्छिद्र खडक. मग एकसंध काळा, घट्ट बसाल्ट. त्याखाली लाल मातीचा पातळ थर, आणि पुन्हा छिद्रे, भेगा, फटी.

या क्रमाचा अर्थ मुलांना मी असा सांगत असे: सच्छिद्र थर हा स्पंज, आणि घट्ट काळा खडक हे त्याखालचे ताट. पावसाचे पाणी स्पंजात मुरते, ताटावर साठते. विहीर खणणारे ताटापर्यंत जातात आणि थांबतात, कारण ताट फोडायचे नसते. धामणदरीची विहीर खणणाऱ्यांनी भूगोलाचे पुस्तक पाहिले नव्हते, पण ते बरोबर त्या काळ्या खडकावर थांबले होते. विहिरीच्या तळाची खोली आणि पेटीतल्या काळ्या दांड्यावर लिहिलेली खोली मी ताडून पाहिली. दोन्ही एकच होती. आणि या माणसांनी पंधरा पावलांवर ताटाला भोक पाडले होते, दीडशे मीटरहून खोल, आणि उघडे ठेवले होते.

"हे भोक बुजवायचं असतं ना?" मी विचारले.

"हो मॅडम, अटीतच आहे. सिमेंटनं. करू ना, पावसाळ्याच्या आधी."

"पण पाणी आत्ता जातंय."

"मॅडम, आपण पाणी काढत नाही. आपण केवळ बघतो." त्याने अगदी मनापासून समजावले. "परवा ऑफिसमधून साहेब येणार पाहणीला. नायकांची सही झाली की इथलं काम संपलं. मशीन पुढं."

"कसली सही?"

"भोकं बुजवली, जागा होती तशी करून दिली. फॉर्मच आहे तो."

पंधरा पावलांवर भोक उघडे होते आणि ते बुजवल्याची सही छापील तयार होती. त्याने मला काळ्या दांड्याचा वीतभर तुकडा भेट दिला, वर्तमानपत्रात गुंडाळून. मी तो घेतला. नाही म्हणायला हवे होते, हे मला तांड्यावर परतल्यावर कळले. याडीने पुडी हातात घेतली, उलगडली आणि बराच वेळ त्या दगडाकडे पाहिले. मग म्हणाली, "हाच का जी? आमच्या पान्याखालचा?" आणि पुडी मला परत दिली.

परवाची सही झाली की कागदोपत्री भोक बुजलेले ठरणार होते, मशीन जाणार होती आणि नंतर तक्रार करायची तर ती कोणाकडे, हे कुणालाच माहीत नव्हते. विहीर वाचवायला दीड दिवस हातात होता.

यवतमाळ

नानासाहेबांना मी फाईल पाहायची आहे असे सांगितले, तेव्हा ते नाराज झाले. "वहिनी, परवाना नियमानं दिला असेल." मी म्हटले, नियमाने दिला आहे का तेच पाहू. तेवढ्या वाक्यावर ते तयार झाले. नियम म्हटला की त्यांना पाठ फिरवता येत नसे.

यवतमाळच्या कार्यालयात त्यांच्या जुन्या ओळखीच्या एका कारकुनाने फाईल समोर ठेवली. फाईल उत्तम होती. पाने क्रमाने लावलेली, प्रत्येकावर शिक्का, आणि परवान्यामागे काम सुरू झाल्यानंतरचा अहवाल जोडलेला. मी ती एखाद्या उत्तरपत्रिकेसारखी वाचली.

'वृक्षतोड: नाही.' मला वाटेतले पळस आठवले.

'परिसरातील जलस्रोत: नाही.'

'स्थानिकांची संमती: आहे. पुरावा: सोबत छायाचित्र जोडले आहे.'

छायाचित्र रंगीत होते. मशीन, तिच्यावर हळदकुंकवाचे पट्टे, आरशांच्या घागऱ्यातल्या हसणाऱ्या बायका, आणि मध्यभागी थावरू नायक, हातात नुकताच फोडलेला नारळ. खाली टंकलिखित ओळ: 'ग्रामस्थांनी प्रकल्पाचे उत्स्फूर्त स्वागत केले.'

पाणी मिळणार या आनंदाने माणसाने नारळ फोडावा, आणि त्या नारळाची नोंद पाणी घालवण्याच्या संमतीत व्हावी, याहून निर्लज्ज लबाडी मी पाहिलेली नाही. ज्याने हे केले तो रागावलेला नव्हता, दुष्टही नसावा. त्याने फक्त रिकामा रकाना भरला होता. मला चीड आली ती त्याच्या या निवांतपणाची.

मग मी छायाचित्र पुन्हा पाहिले. मुलांना नकाशा वाचायला शिकवताना मी म्हणत असे, मध्यभाग सगळेच पाहतात, तुम्ही कडा पाहा. नायकांच्या मागे, डाव्या कडेला, दगडी कठडा होता, आणि त्यावर बादली.

मी कारकुनाला बोलावले. "हे काय आहे?"

"विहीर दिसते, मॅडम."

"आणि इथं काय लिहिलंय?"

त्याने वाचले. "जलस्रोत नाही."

"मग?"

तो म्हणाला, "फोटो संमतीच्या रकान्यात आहे, मॅडम. पाण्याचा रकाना वेगळा."

नानासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि छायाचित्राची एक प्रत मागितली. बसमध्ये ते एवढेच बोलले, "माझ्या टेबलावरून अशी फाईल गेली असती, तर मी सही केली असती. आधी पाहिली नसती ना कडा."

पुन्हा तांड्यावर

पाहणीच्या दिवशी आम्ही दोघे सकाळीच तांड्यावर पोहोचलो. साहेब दुपारी येणार होते. भोकात पाणी पडत असल्याचा आवाज येतो, पण ते विहिरीचेच कशावरून, असे ते विचारणार, हे उघड होते. शाळेत आम्ही याला सिद्धता म्हणतो, आणि सिद्धतेला रंग लागतो.

होळी जवळ आली होती. बंजाऱ्यांची होळी मोठी. बायकांनी रंगासाठी पळसाची फुले दोन मोठ्या भगोन्यांत उकळून ठेवली होती. पाणी गडद केशरी झाले होते. मी विचारले, हा रंग मला द्याल का? बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. होळी दोन दिवसांवर, आणि ही परगावची बाई रंग विहिरीत ओतायचा म्हणते. प्यायचे पाणी आता लांबच्या नाल्यातून आणत होते, विहिरीतले कुणी पीत नव्हते, हे मी आधी विचारून घेतले होते. तरी विहिरीत रंग टाकणे कुणालाच बरे वाटेना.

याडी म्हणाली, "द्या तिले. यंदा कोनाच्या अंगावर पाणी फेकता?"

रंग विहिरीत ओतला. मग मी कापूस मागितला. नायक खोलीत गेले आणि ओंजळभर घेऊन आले. "घ्या, बाई. कोनी तर घेतला," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच सगळे हसले.

कापसाचे लिंबाएवढे दोन गोळे केले. पोहऱ्याच्या दोराला एक वर बांधला, विहिरीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच राहील असा. दुसरा खाली, काळ्या खडकाच्या खोलीवर येईल असा. दोराला मधून मधून खडे बांधले, म्हणजे तो ताठ राहील, आणि तो विहिरीजवळच्या भोकात सोडला. वरचा गोळा कशासाठी, असे नायकांनी विचारले. तुलनेसाठी, असे मी सांगितले. "म्हंजे रंग वरून कोनी टाकला नाही, हे साहेबाले समजले पाह्यजे," त्यांनी लगेच पुढे म्हटले. इतका चांगला विद्यार्थी मला फार वर्षांनी मिळाला.

साहेब दुपारी आले. दमलेले, सभ्य गृहस्थ. तांड्याने त्यांनाही पाणी दिले; पूर्ण पेला. तो कुठून आणला हे मी पाहिले होते. सुपरवायझर त्यांच्याबरोबर होता. साहेबांनी माळावर एक नजर टाकली, फॉर्म काढला आणि नायकांसमोर पेन धरले.

"एक मिनिट, साहेब," नायक म्हणाले. "आधी दोर काढू द्या."

दोर वर येऊ लागला. वरचा गोळा आला. पांढरा. खडे आले. मग खालचा गोळा आला. तो पिळला तर बोटांवरून केशरी ओघळ आला.

साहेबांनी गोळ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, हे काही अधिकृत परीक्षण नाही."

"अधिकृत परीक्षण कोणतं केलंत तुम्ही?"

"अहवालात जलस्रोत नाही असं नमूद आहे. मग नसलेल्या जलस्रोतावर परिणाम कसा नोंदवता येईल?"

नानासाहेबांनी छायाचित्राची प्रत पुढे केली. माझा आवाज चढेल असे मला वाटले होते. पण बोलले ते नायक.

"साहेब, या फोटोत मी उभा आहो. कायच्या काठावर उभा आहो ते सांगा."

"नायक, तुम्ही स्वतः नारळ फोडलात. आम्ही काही जबरदस्ती केली का?"

"फोडला. पान्यासाठी फोडला. तुम्ही समजले तुमच्यासाठी." त्यांनी पेन साहेबांच्या खिशाला परत लावले. "भोक बुजलं नाही. म्हून सही नाही."

"तुम्ही सही केली नाही तर मशीन इथंच अडकते."

"अडकू द्या. आम्ही पन अडकलो आहो."

शेवटी भोक बुजवले गेले, पण कुणाला चूक मान्य झाली म्हणून नव्हे. मशीनला त्याच दिवशी पुढच्या ठिकाणी पोहोचायचे होते आणि एका सहीवाचून ते खोळंबले होते, एवढेच कारण. तळावर सिमेंटची पोती पहिल्या दिवसापासून पडून होती. सुपरवायझरने मिश्रण कालवून भोकात भरायला तास-दीड तास लावला. एवढ्या तासाभराच्या कामासाठी तांड्याची विहीर महिनाभर रिती होत राहिली होती. तांडा भोवती उभा राहून पाहत होता. काठोकाठ भरल्यावर याडी वाकली, ओल्या सिमेंटला कान लागेल इतकी, आणि मग उठून नुसती मान हलवली. आवाज थांबला होता.

नायकांनी सही केली, फक्त त्या एका भोकापुरती. बाकीची चार माळावर अजून उघडी आहेत, असे त्यांनी फॉर्मवरच लिहवून घेतले. साहेबांनी शेरा लिहिला: 'ग्रामस्थांच्या आग्रहास्तव एक छिद्र बंद करण्यात आले.' आग्रहास्तव. जणू परवान्यात तशी अट नव्हतीच. लोकांनी हट्ट केला आणि कार्यालयाने तो पुरवला.

ताट सांधले गेले. पण स्पंज पुन्हा भरेल का, हे पावसाळ्याशिवाय समजणार नाही. मी हे लिहीत आहे तेव्हा अजून वैशाख आहे.

परतीची वाट

पाहुण्याला शिवेपर्यंत पोचवायचे, ही तांड्याची रीत. आमच्याकडे दारापर्यंत जातात, फार तर स्टँडपर्यंत. थावरू नायक जीपमध्येच बसले, आर्णीच्या फाट्यापर्यंत येतो म्हणाले. नानासाहेब पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते. माझ्या पिशवीत तो काळा तुकडा होता. तो विहिरीजवळ ठेवून यावा असे मी म्हटले होते. नायकांनी नको म्हटले. "शाळेत ठेवा. पोट्ट्यांले दाखवा, कायच्यावर पाणी ऱ्हाते ते."

फाट्याच्या अलीकडे रस्त्याला लागून एक छोटी वस्ती आहे. तिथे गर्दी दिसली. आमच्या आधी निघालेला मशीनचा ट्रक कडेला उभा होता, आणि त्याच्यासमोर एक बाई ताट घेऊन उभी होती. ताटात हळद, कुंकू, नारळ. सुपरवायझर काही पावलांवर, डोळ्याला कॅमेरा लावून.

"थांबव," नायक ड्रायव्हरला म्हणाले.

ते उतरले. वयाच्या मानाने भराभर चालत गेले. मीही मागून गेले. बाईने नारळ उचलला होता, तेवढ्यात त्यांनी तिच्या नारळावर हात ठेवला. काढून घेतला नाही, नुसता हात ठेवला.

"थांब, मावशे. ही पान्याची मशीन नाही."

"मंग कायची आहे?"

"मले माहीत नाही. म्याबी विचारलं नव्हतं. तू विचार."

बाईने त्यांच्याकडे पाहिले, मग ट्रककडे, मग कॅमेऱ्याकडे. नारळ तिने ताटात परत ठेवला आणि ताट शेजारणीच्या हातात दिले. पदर सावरून ती सुपरवायझरच्या समोर जाऊन उभी राहिली.

"काहून आली जी ही गाडी? काय काढाले?"

सुपरवायझरने कॅमेरा खाली घेतला. त्याने आधी बाईकडे पाहिले, मग माझ्याकडे. आमच्या मागे ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, कारण आर्णीची शेवटची बस निघायची वेळ झाली होती. मी वळून त्याला जायची खूण केली. ते उत्तर मला ऐकायचे होते.